पट तोच, कायदा निराळा

कोणतीहि विद्या एका मुलुखांतून दुसऱ्या मुलुखांत नेण्याचे दोन मार्ग असतात, आणि ते दोन्ही आमच्या इचलकरंजीच्या इतिहासांत शेजारीं शेजारीं सांपडतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनीं वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं राहून ग्वाल्हेरची ख्यालगायकी आत्मसात केली व ती महाराष्ट्रांत आणली. त्यांच्याबरोबर नुसता गाण्याचा कायदा आला नाहीं; त्या कायद्यांत बसवलेल्या चिजांचा सांठाहि आला. पुढें विष्णु दिगंबर पलुसकरांनीं मिरजेस बुवांच्या पायांशीं बसून जें घेतलें व देशभर पसरलें, तें हेंच धन. उलट १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं येथें पहिला यंत्रमाग उभा केला, तेव्हां गांवांत आलें तें मुख्यतः यंत्र. त्यावर काय विणावें, हातमागावरचें कोणतें काम त्यावर उतरेल व कोणतें उतरणार नाहीं, हें ज्याचें त्याला शिकून घ्यावें लागलें. पहिल्या प्रकारांत विद्येचा वाहक तिच्यांत मुरलेला असतो आणि तिचें भांडार बरोबर आणतो. दुसऱ्या प्रकारांत सांचा येतो आणि भांडार आपलें आपण पुन्हा जमवावें लागतें.

खेळांचेंहि असेंच आहे. हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत एक वाद वारंवार कानीं येतो. एका जातीच्या संगणकासाठीं रचलेला युद्धनीतीचा खेळ दुसऱ्या जातीच्या संगणकावर उतरवतात, त्यास नव्या मोहिमांची पुरवणी जोडतात, आणि मग जाणते खेळाडू तावातावानें भांडतात कीं, हा तोच खेळ कीं निराळा? घरोघरच्या वडीलधाऱ्यांस हा वाद पोरकट वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारण हाच प्रश्न दोनशें वर्षांपूर्वीं, पेशवाई अजून उभी असतां, एका शास्त्र्यासमोर उभा होता आणि त्यानें तो मुंबईंत छापलेल्या एका पुस्तकानें सोडवला होता. संगणक तेव्हां नव्हता. पट चौसष्ट घरांचा होता. परंतु प्रश्नाचें स्वरूप तेंच होतें : एका कायद्याखालीं रचलेला डाव दुसऱ्या कायद्याखालीं कसा जिवंत ठेवावा?

त्या पुस्तकाकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ज्यास आपण 'आपला' बुद्धिबळाचा खेळ म्हणतों, तोहि अनेकवार स्थलांतर केलेला खेळ आहे. सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत चतुरंगाचा उल्लेख केला आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत, म्हणजे ११३०च्या सुमारास, राजाच्या विनोदांमध्यें या खेळास जागा मिळाली आहे. याच चालुक्यांचे मांडलिक म्हणून कोल्हापूरचे शिलाहार आपल्या या प्रांतावर राज्य करीत होते. पुढें सतराव्या शतकांत नीलकंठभट्टानें आपल्या नीतिमयूखांत राजनीतीच्या विवेचनासोबत या खेळाचेंहि वर्णन केलें. हें भट्टघराणें मूळचें पैठणचें, पुढें काशीस स्थायिक झालेलें. आणि याच नीलकंठाचा व्यवहारमयूख मुंबई इलाख्यांतील न्यायालयें हिंदु कायद्याचें प्रमाण म्हणून पुढें मानीत आलीं. ज्या लेखणीनें दायविभाग ठरवला, तिला बुद्धिबळाचें वर्णन करणें कमीपणाचें वाटलें नाहीं, हें आजच्या गंभीर गृहस्थांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

मधल्या काळांत हा खेळ इराणांत गेला, तेथून अरबांकडे, अरबांकडून युरोपांत गेला. आणि मुसलमानी अमदानींत इराणचा पोशाख अंगावर घालून तो पुन्हा आपल्या घरीं आला. म्हणून आपण शह देतों आणि मात करतों. हे दोन्ही शब्द बाहेरून आलेले आहेत. राजाशेजारीं जो मंत्री बसत असे, तो वजीर झाला. कोणीं कोणास कोंडींत धरलें, तर आपण शह-काटशहाची भाषा बोलतों, आणि बोलतांना ती परकी आहे हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. शिवाय मोहऱ्यांच्या चालीहि बदलत गेल्या. जुन्या खेळांत मंत्री तिरपें एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन-इटलीच्या बाजूस त्यास पटभर धांवण्याची मुभा मिळाली, आणि तिरप्या चालीच्या मोहऱ्यासहि, ज्यास आपण उंट म्हणतों, तशीच लांब धांव मिळाली. ही नवी चाल युरोपियनांच्या संसर्गानें हिंदुस्थानांतहि रुळली. सारांश, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्याकडे जो खेळ चाले, त्यांत मूळ आपलें, नांवें इराणी, आणि वजीर-उंटाची धांव युरोपची होती. तो शुद्ध नव्हता. पण तो पूर्णपणें आपला होता.

मोहऱ्यांची चाल अशी जुळली, तरी खेळाचा कायदा मात्र जुळला नव्हता. प्रांतोप्रांतीं थोडाबहुत फरक असला, तरी देशी खेळाचे मुख्य दंडक असे सांगतां येतील. प्यादें पहिल्या खेपेसहि एकच घर चाले. दोन घरांची उडी त्यास नसे. राजास किल्लेकोट नसे; त्याऐवजीं साऱ्या डावांत एकदां त्यास घोड्याप्रमाणें अडीच घरांची उडी घेतां येई, परंतु तत्पूर्वीं त्याला शह मिळालेला नसेल तरच. मांडणींत बहुतेक ठिकाणीं राजासमोर प्रतिपक्षाचा राजा नसून वजीर असे. शेवटच्या घरास पोंचलेलें प्यादें ज्या पट्टींत असेल त्या पट्टीचें मोहरें होई : हत्तीच्या पट्टींतलें हत्ती, घोड्याच्या पट्टींतलें घोडा, आणि राजा-वजिराच्या पट्टींतलें वजीर. प्रतिपक्षाचीं सर्व मोहरीं गारद होऊन राजा एकटाच उरला, तर ती बुर्जी. तिनें डाव पूर्ण जिंकल्याचा मान मिळत नसे. आणि मातींतली मात म्हणजे प्यादेमात. वजिरानें राजास मारणें यांत नवल काय? चार आण्यांच्या प्याद्यानें त्यास खिंडींत गांठावें, यांत खरी ऐट!

या दंडकांचा परिणाम खेळाच्या स्वभावावर होत असे. प्यादीं मुंगीच्या पावलांनीं चालत असल्यामुळें डाव सावकाश उलगडे. दोन्ही सैन्यें समोरासमोर येण्यापूर्वीं व्यूह बांधण्यास भरपूर अवकाश मिळे. आरंभींच दिलेल्या एका साध्या शहानें राजाची उडी कायमची जाई, म्हणून शहास नुसत्या धमकीपेक्षां अधिक किंमत होती. युरोपीय कायद्यांत शह चुकवला कीं तो गेला. किल्लेकोटाचा हक्क तेवढ्यानें बुडत नाहीं. प्यादें कोणत्या पट्टींतून पुढें न्यावें, याचा विचारहि देशी खेळाडूस आधींपासून करावा लागे, कारण प्रत्येक पट्टीचें दैव निराळें. युरोपीय खेळांत प्रत्येक प्याद्याच्या कपाळीं वजीरपद लिहिलेलेंच असतें.

आतां त्या पुस्तकाकडे वळूं. तिरुवेंगडाचार्य शास्त्री या पंडिताच्या नांवावर 'विलासमणिमंजरी' नांवाचा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचा इंग्रजी अवतार १८१४ सालीं मुंबईस छापून निघाला. हा दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीचा काळ. पेशवाई बुडण्यास अजून चार वर्षें अवकाश होता. पुस्तकांत मुख्यत्वें डावांतील बिकट प्रसंग आहेत, म्हणजे ज्यांस आपण बुद्धिबळाचीं कूटें म्हणतों तीं. पुस्तकाच्या नांवांतच स्पष्ट म्हटलें आहे कीं, हे निबंध युरोपीय पद्धतीच्या खेळास अनुरूप करून घेतलेले आहेत आणि मूळ संस्कृतावरून शास्त्र्यानेंच ते भाषांतरिले आहेत. म्हणजे भाषांतर दुहेरी झालें : एक संस्कृताचें इंग्रजींत, आणि दुसरें एका कायद्याचें दुसऱ्या कायद्यांत. पहिल्या भाषांतरास कोश पुरतो. दुसऱ्यास दोन्ही खेळ हाडीं-मांसीं खिळलेला माणूस लागतो.

हें दुसरें भाषांतर किती अवघड असतें, तें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, पांढऱ्याचीं दोन प्यादीं शेवटून दुसऱ्या ओळींत आहेत; एक हत्तीच्या पट्टींत, दुसरें घोड्याच्या. देशी कायद्यानें पहिलें पुढें सरकलें तर हत्ती होतो, दुसरें सरकलें तर घोडा. कूटाची सारी गोडी या निवडींत आहे : हत्ती उघड बलवान्, म्हणून नवशिका तो घेतो, पण काळ्याचा राजा निसटतो. घोडा दुबळा दिसतो, पण त्याच्या अडीच घरांच्या शहानें राजा कोंडला जातो. आतां हीच मांडणी युरोपीय कायद्याखालीं ठेवा. कोणतेंहि प्यादें वजीर होऊं शकतें. वजिरानें दुसऱ्याच वाटेनें मात होत असेल, तर निवडीचा प्रश्नच संपला, कूट फुटलें. मग रचणाऱ्यानें काय करावें? वजिराची वाट अडवणारें एखादें काळें मोहरें आणून बसवावें, किंवा एक प्यादें घरभर मागें घ्यावें, किंवा राजाची जागा बदलावी. आणि हें सारें करतांना मूळ कल्पनेस धक्का लागूं देऊं नये. एक मोहरें हललें कीं दुसरीच एखादी अनपेक्षित मात डोकें वर काढते, म्हणून प्रत्येक फेरफारानंतर सारें कूट पहिल्यापासून तपासावें लागतें. राजाची कोंडी झाली, म्हणजे त्यास शह नाहीं पण हलण्यासहि जागा नाहीं, तर काय धरावें, याविषयीं देशी खेळांत ठिकठिकाणीं मतभेद होताच. पण खुद्द इंग्लंडांतहि त्या सुमारास हा नियम नुकताच बदलत होता. म्हणजे ज्या कांठावर उतरावयाचें तो कांठहि पुरता स्थिर नव्हता.

याच्या उलट कांहीं गोष्टी सुखरूप पार होतात. अमक्याच प्याद्यानें मात झाली पाहिजे, अशी अट एखाद्या कूटांत घातली, तर ती अट खेळाच्या कायद्यांत नसून कूटाच्या शब्दांत आहे. युरोपीय खेळांत प्यादेमातीस वेगळा मान नसेना का; कूट रचणारा आपल्या वाचकास म्हणूं शकतो, 'मला येथें प्यादेमातच हवी.' कायदा गेला तरी ऐट टिकली. आमच्या मतें, या प्रकारच्या सर्व स्थित्यंतरांतला हा मुख्य धडा आहे. नियम हे जमिनीप्रमाणें असतात. ते उचलून नेतां येत नाहींत. पण त्या जमिनींत पिकलेलें बीं नेतां येतें. कूट हें बुद्धिबळाचें बीं आहे, जशी चीज ही गायकीचें बीं.

आणि हें बीं कोणीं नेलें, यास महत्त्व आहे. शास्त्र्याचा ग्रंथ कोण्या साहेबानें कुतूहल म्हणून गोळा केलेला नव्हता. त्यावर नांव त्याचें स्वतःचें आहे. त्यानें आपल्या खेळाची क्षमा मागितली नाहीं, कीं परक्या कायद्याशीं हटवादहि केला नाहीं. आपलीं कूटें समोरच्याच्या पटावर मांडून 'सोडवा पाहूं' असें तो म्हणाला. राजकारणांत पुणें दरबाराच्या हातांतून एकामागून एक घर सुटत असतां बुद्धिबळाच्या पटावर हा पंडित इंग्रजांस त्यांच्याच कायद्याखालीं शह देत होता, हें चित्र आम्हांस विलोभनीय वाटतें.

स्थित्यंतरानें नुसतें टिकतें असें नाहीं, कधीं कधीं नवेंहि निपजतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नांवाचा ब्रिटिश बॅरिस्टर होता. युरोपांतल्या नामांकित खेळाडूंत त्याची गणना होई. त्याची गांठ महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशीं पडली. देशी खेळांत मुरलेल्या या गृहस्थानें युरोपीय कायद्यानें कॉक्रेनशीं पुष्कळ डाव खेळले, आणि कॉक्रेननें ते नोंदून ठेवल्यामुळें आज ते पाहावयास मिळतात. त्यांत एक लकब वारंवार दिसते. युरोपीय खेळाडू मधल्या प्याद्यांस दोन-दोन घरें रेटून पटाचा मध्य बळकावीत. महेशचंद्र घोडा बाहेर काढून घोड्याच्या पट्टींतलें प्यादें एकच घर सरकवीत, त्यामागें उंट बसवीत, आणि दुरूनच मध्यावर नजर ठेवीत. ज्या खेळांत प्याद्यास दोन घरांची उडी नव्हती, त्या खेळांत हा व्यूह स्वाभाविक होता. नव्या कायद्यांत त्यास उडी घेण्याची मोकळीक मिळाली, तरी त्यांनीं जुनी संवय सोडली नाहीं. त्या काळीं असा खेळ युरोपांत चमत्कारिक गणला जाई. पुढें १९२० नंतर निम्झोविच, रेटी प्रभृतींनीं मध्य दुरून जिंकण्याची उपपत्ति मांडली, आणि या जातीच्या प्रारंभांस 'इंडियन डिफेन्स' हें नांव सर्वत्र रूढ झालें. आज जगज्जेतेपदाच्या सामन्यांतहि किंग्ज इंडियन, निम्झो इंडियन हीं नांवें ऐकूं येतात. आमच्या मुंगीच्या चालीच्या प्याद्यानें जगाच्या बुद्धिबळांत सोडलेली ती पाऊलखूण आहे.

परंतु भांडार बरोबर नसतांना नव्या कायद्यांत जाणाऱ्यास कोणती किंमत मोजावी लागते, तेंहि पाहिलें पाहिजे. पंजाबांतील मीर सुलतान खान हा देशी खेळांत वडिलांच्या हाताखालीं तयार झालेला. सर उमर हयात खान टिवाणा यांच्या आश्रयानें त्यानें युरोपीय कायदा शिकून घेतला, आणि १९२९ सालीं लंडनास जाऊन त्याच वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलें. १९३२ व १९३३ सालीं तें त्यानें पुन्हा जिंकलें. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेंत माजी जगज्जेता कापाब्लांका यास त्यानें हरवलें. त्याच आश्रयदात्याच्या परिवारांतील फातिमा या बाईनें १९३३ सालीं ब्रिटनचें स्त्रियांचें अजिंक्यपद पटकावलें. डावाच्या अखेरीस, म्हणजे जेथें मोहरीं थोडीं व विचार फार, तेथें सुलतान खान अद्वितीय होता. प्रारंभांत मात्र तो नेहमीं चांचपडे, कारण प्रारंभाचें ज्ञान पुस्तकांत होतें. चार-पांच वर्षें झळकून तो मायदेशीं परतला आणि १९६६ सालीं निवर्तला. जागतिक बुद्धिबळ महासंघानें त्यास सन्मान्य ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर सुमारें अठ्ठावन्न वर्षांनीं. प्रतिभा कायद्याची सीमा ओलांडून गेली. पण तिच्या पाठीशीं ग्रंथ नव्हता, म्हणून तिचा संप्रदाय झाला नाहीं. शास्त्र्याजवळ ग्रंथ होता. सुलतान खानाजवळ खेळ होता. दोहोंचा योग एकाच ठिकाणीं होता, तर हिंदी बुद्धिबळाचा इतिहास निराळा झाला असता.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें, तर हा योग पुढें बऱ्याच अंशीं जुळून आला, आणि त्याची एक जागा आमच्या इचलकरंजीहून तासाभराच्या वाटेवर आहे. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना १९४१ सालीं झाली. भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं या मंडळास आपलें आयुष्य वाहिलें. स्पर्धा भरवणें, मुलांस शिकवणें, बाहेरगांवच्या खेळाडूंची व्यवस्था पाहणें, हेंच त्यांचें व्रत होतें. १९५१ सालीं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, आणि १९५५ सालीं एलुरु येथें भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेंत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्राचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनीं स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. रोहिणी खाडिलकर यांनीं १९८१ सालीं आशियाचें अजिंक्यपद मिळवलें. सांगलीच्या भाग्यश्री साठे, म्हणजेच पुढच्या भाग्यश्री ठिपसे, यांनीं तो वारसा चालवला. प्रवीण ठिपसे १९९७ सालीं ग्रँडमास्टर झाले. आणि २०२५च्या जुलैंत जॉर्जियांतील बाटुमी येथें नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें एकोणिसाव्या वर्षीं स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. हें सारें जागतिक कायदा मनापासून स्वीकारल्याचें फळ आहे. देशी कायद्याचा अभिमान धरून आपण स्वतंत्र चूल मांडली असती, तर यांपैकीं कांहींच घडतें ना. म्हणून 'आपला खेळ परक्यांनीं बुडवला' असा टाहो फोडणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं.

परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कायदा बदलला, तेव्हां आपण शास्त्र्याप्रमाणें वागलों नाहीं; यंत्रमाग आणावा तसा सांचा आणला. बुर्जी हा शब्द आतां क्लबांत ऐकूं येत नाहीं. प्यादेमात ही बोलण्यांत उपमेपुरती उरली. राजाच्या अडीच घरांच्या उडीवर आणि पट्टीगणिक बदलणाऱ्या प्याद्याच्या दैवावर ज्या कूटांची उभारणी झाली होती, तीं पिढीजात तोंडोंतोंडीं चालत आलीं. तीं नव्या कायद्यांत उतरवण्याचें काम शास्त्र्यानंतर आपल्याकडे संप्रदाय म्हणून चाललें नाहीं. कोणी म्हणेल, मृत नियमांचीं कूटें सांभाळून काय करावयाचें? त्यास आमचें उत्तर महेशचंद्रांच्या डावांत आहे. जी लकब एका शतकास चमत्कारिक वाटली, ती पुढच्या शतकाची विद्या झाली. कोणत्या जुन्या कल्पनेंत उद्यांचा प्रारंभ लपला आहे, हें ती कल्पना टाकून देणाऱ्यास कळत नाहीं. ती लिहून ठेवणाऱ्याच्या नातवास कळतें.

हा विचार आज पटापुरता उरलेला नाहीं. २००९ सालीं इंग्लंडांत रचलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या संगणकीय खेळांत अठराव्या शतकांतील मराठा राज्यसंघ ही खेळाडूस निवडतां येणारी सत्ता आहे, तो खेळ विंडोजवरून मॅकवर, आणि पुढें हातांतल्या फोनवरहि उतरला. स्वीडनमधील 'युरोपा युनिव्हर्सालिस' या खेळमालेच्या चौथ्या आवृत्तीस २०१८ सालीं हिंदुस्थानच्या राजकारणावर बेतलेली 'धर्म' नांवाची पुरवणी निघाली. आमचीं मुलें ते खेळ आवडीनें खेळतात, आणि बाजीरावाच्या घोडदौडीच्या वाटा नकाशावर बोटानें दाखवतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्या खेळांची चौकट ज्यांनीं आंखली, त्यांनीं ज्या मापानें इंग्लंड-फ्रान्स मोजले त्याच मापानें मराठे मोजले. चौथाईचा वसूल, सरंजामदारांची परस्परांवरची नजर, पावसाळ्यांत छावणी व दसऱ्यास सीमोल्लंघन, हें सारें त्या मापांत किती बसतें आणि किती सांडतें, हें मराठी कागदपत्रें वाचणाऱ्यासच सांगतां येईल. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर खेळ उतरवणारे कुशल कारागीर आहेत. ते आज्ञावलीच्या ओळी मोजून बिनचूक उतरवतात. पण इतिहास खेळांत उतरवणारा कारागीर आपल्यांतून निघाला पाहिजे. हल्लीं आमच्या भागांतहि आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांची वाण नाहीं, आणि मोडी वाचणारेहि अजून आहेत; हे दोघे एका मेजाशीं बसत नाहींत, एवढेंच काय तें न्यून.

तेव्हां 'तोच खेळ कीं निराळा?' या विद्यार्थ्यांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें : कायदा बदलला, यंत्र बदललें, तरी ज्यानें तो उतरवला त्याला मूळ खेळाची गोडी कशांत आहे हें ठाऊक असेल, आणि त्यानें ती गोडी प्रत्येक डावांत पुन्हा तपासून पाहिली असेल, तर खेळ तोच. नसेल, तर नांव तेंच राहून खेळ निराळा. १८१४ सालीं तिरुवेंगडाचार्यांनीं ही परीक्षा दिली. आतां ज्यांच्या घरीं वडिलांच्या हातच्या वहींत देशी बुद्धिबळाची एखादी मांडणी टिपलेली असेल, त्यांनीं ती कायद्यासह, म्हणजे प्यादें किती घरें चाले व बुर्जीस काय गुण धरीत तें लिहून, नीट उतरून काढावी आणि जवळच्या ग्रंथालयांत एक प्रत द्यावी. काम एका संध्याकाळचें आहे. कूट सोडवणारे पुढें भेटतील. पण तें मांडून ठेवणारा आजच हवा.